क्रॉस ट्रेनिंग (युद्धकला)

एका युद्धकलेत पाया पक्का झाल्यावर तिच्या जोडीने दुसऱ्या कलेचा नियमित सराव करणे, याला क्रॉस ट्रेनिंग म्हणतात. ठाणे-नवी मुंबईत बऱ्याच जणांची सुरुवात शाळेतल्या किंवा सोसायटीच्या हॉलमधल्या कराटे क्लासने होते. पुढे कोणी बॉक्सिंगकडे वळतो, कोणी ज्युदो किंवा ब्राझिलियन जिजुत्सूच्या (जमिनीवरच्या पकडींची कला) मॅटवर उतरतो. आगरी-कोळी गावांत कुस्तीची ओढ जुनीच.

प्रत्येक कलेचे नियम अंगाला सवयी लावतात आणि त्या कलेत राहून त्या सवयी जाणवतही नाहीत. कुस्तीत दोन्ही खांदे टेकले की पैलवान चितपट. म्हणून खाली आला की तो झटकन पालथा होतो. मातीत हे अगदी बरोबर. वाशीतल्या एखाद्या जिमच्या मॅटवर तोच पालथा झाला, की समोरचा पाठीवर चढतो, कमरेला पायांचा विळखा घालतो आणि हात गळ्याखाली सरकवतो. पैलवानाला मॅट थोपटून हार मानावी लागते. पाठीवर पडूनही लढता येते, हे त्याला तिथे कळते. उभ्याने मात्र त्याचा दुहेरी पट (दोन्ही पाय धरून पाडण्याचा डाव) जिजुत्सूवाल्याला सहसा आवरत नाही. कराटेवाला ठोसा मारताना दुसरी मूठ कमरेशी खेचतो. बॉक्सिंगमध्ये तीच बाजू उघडी पडते.

ही सरमिसळ नवी नाही. जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये ज्युदो उभा केला तो जुजुत्सू या जपानी युद्धकलेच्या जुन्या परंपरा एकत्र अभ्यासूनच. 1993 मध्ये डेन्व्हरला झालेल्या पहिल्या यूएफसी स्पर्धेत (वेगवेगळ्या युद्धकलांच्या खेळाडूंची लढत) एक बॉक्सर एकाच हातात ग्लोव्ह घालून ब्राझिलियन जिजुत्सूच्या रॉइस ग्रेसीसमोर उतरला. ग्रेसी छातीवर बसताच त्याने हार मानली. जमिनीवरच्या लढतीची त्याला सवयच नव्हती.

दोन कला एकदम सुरू करू नयेत. वर्ष-दोन वर्षांत पहिलीचा पवित्रा अंगात मुरतो. त्याआधी दुसरी घेतली तर पाय दोन्हीकडे चुकतात. आणि दुसरी कला कोणती, असा प्रश्न असेल तर ज्युदो घ्यावा, कारण तिथे आधी पडायला शिकवतात: हनुवटी छातीशी, डोके मॅटपासून वर, हात मॅटवर आपटून. महिनोन्महिने हेच घोटल्यावर पावसाळ्यात ठाणे स्टेशनच्या ओल्या जिन्यावर पाय घसरला, तरी हनुवटी आपोआप आत जाते.