९१ मोठे की १५९? इराकमधल्या एका आघाडीचे गणित

चार गट आहेत. त्यांच्या जागा ९१, ८९, ७० आणि ४३. बहुमताला १६३ लागतात. आता सांगा, ७० जागावाल्याची ताकद ४३ वाल्यापेक्षा किती जास्त?

काडीचीही नाही. पटत नसेल तर कागद घ्या. ९१ आणि ८९ एकत्र आले की १८०, काम झाले. ९१ आणि ७० मिळून १६१, दोन कमी पडतात. ८९ आणि ७० मिळून १५९, चार कमी. म्हणजे पहिले दोघे एकमेकांचे तोंड पाहायला तयार नसतील, तर त्यांपैकी कुणालाही ७० वाला आणि ४३ वाला असे दोघेही लागतात. दोघांपैकी एक जरी उठून गेला तरी डाव मोडतो. गरज सारखीच, म्हणून किंमतही सारखीच.

ही किंमत मोजायची रीत जॉन बॅन्झाफ या अमेरिकी वकिलाच्या नावाने ओळखली जाते. ‘हा गट बाहेर पडला तर जिंकलेली आघाडी हरेल का?’ असा प्रश्न प्रत्येक आघाडीतल्या प्रत्येक गटाबाबत विचारायचा आणि किती वेळा उत्तर ‘हो’ येते ते मोजायचे. आपल्या चौघांत ते ४, ४, २, २ असे येते. साठच्या दशकात न्यूयॉर्कजवळच्या नासाउ काउंटीच्या मंडळात सदस्यांना ३१, ३१, २८, २१, २ आणि २ अशी मते दिलेली होती, बहुमत ५८ चे. तिथल्या २१ मतेवाल्याची ताकद शून्य होती. त्याच्या येण्याने किंवा जाण्याने कुठल्याच ठरावाचे काही बिघडत नव्हते. बिचारा बैठकांना मात्र येत असणार.

सुरुवातीचे चार आकडे ७ मार्च २०१० च्या इराकी संसदेच्या निवडणुकीतले आहेत. ९१ जागा अयाद अल्लावींच्या ‘अल-इराकिया’ आघाडीच्या. ८९ पंतप्रधान नुरी अल-मलिकींच्या ‘कायद्याचे राज्य’ आघाडीच्या. ७० इराकी राष्ट्रीय आघाडीच्या, त्यांतल्या निम्म्याहून अधिक शिया धर्मगुरू मुक्तदा अल-सद्र यांच्या अनुयायांच्या. ४३ कुर्दिस्तान आघाडीच्या. एकूण ३२५ पैकी उरलेल्या ३२ लहान पक्षांत आणि अल्पसंख्याकांच्या राखीव जागांत विखुरलेल्या. गंमत अशी की त्या ३२ एका मुठीत असत्या, तर त्या मुठीची ताकदही ७० वाल्याएवढीच भरली असती. पण ती मूठ कधी वळलीच नाही.

इराकमध्ये शिया अरब बहुसंख्य आहेत. सुन्नी अरब आणि कुर्द प्रत्येकी पाचव्या हिश्शाच्या आसपास असावेत, असा सर्वसाधारण अंदाज. सद्दाम हुसेन यांची राजवट २००३ मध्ये कोसळल्यावर जी सत्तावाटणी रूढ झाली तिला तिकडे ‘मुहासासा’ म्हणतात, म्हणजे सरळ हिस्सेवाटप: पंतप्रधान शिया, राष्ट्राध्यक्ष कुर्द, सभापती सुन्नी. जानेवारी २००५ च्या पहिल्या निवडणुकीत अख्खा देश हा एकच मतदारसंघ होता आणि मत यादीला द्यायचे होते. अशा पद्धतीत परक्या पंथाच्या दारी जाण्यापेक्षा आपल्याच माणसांना मोठ्या संख्येने केंद्रावर आणणे स्वस्त पडते. सुन्नी अरबांनी मोठ्या प्रमाणावर बहिष्कार टाकला आणि २७५ पैकी १४० जागा एकट्या शिया पक्षांच्या यादीने नेल्या.

या पार्श्वभूमीवर अल-इराकिया हा धाडसी प्रयोग होता. अल्लावी स्वतः शिया, पण धर्मनिरपेक्ष राजकारण करणारे. त्यांच्या सोबतीला तारिक अल-हाशिमी, उसामा अल-नुजैफी, सालेह अल-मुतलक असे सुन्नी नेते. दोन्ही बाजूंचा हिशेब उघड होता. सुन्नी नेत्यांना पंतप्रधानपद स्वतःला मिळणार नाही हे ठाऊक होते, पण आपला शिया माणूस तिथे बसवता आला असता. अल्लावींना मतपेढी हवी होती.

इथे राज्यशास्त्रातला एक भेद कामाला येतो. डोनाल्ड होरोविट्झ यांनी तो नीट मांडला: जागांची बेरीज वेगळी, मतांची बेरीज वेगळी. निकालानंतर नेते एकत्र आले की जागांची बेरीज होते, त्यासाठी मतदाराला मन बदलावे लागत नाही. मतांची बेरीज व्हायला एका पंथाच्या मतदाराने दुसऱ्या पंथाच्या उमेदवारासमोर खूण करायला हवी. निवडणुकीआधी बांधलेली आघाडी खरी की नुसती दिखाऊ, हे इथे कळते.

मग अल-इराकियात मतांची बेरीज झाली का? प्रांतवार आकडे पाहिले तर अर्धीमुर्धी. निनवेहमध्ये २०, अन्बारमध्ये ११, दोन्ही सुन्नीबहुल. मिश्र बगदादमध्ये २४. आणि बगदादच्या दक्षिणेला शियाबहुल प्रांतांत, नऊ प्रांत मिळून, १२. मलिकींना अन्बार, निनवेह आणि सलाहुद्दीनमध्ये एकही जागा मिळाली नाही. म्हणजे आघाडीचा चेहरा दोन्ही पंथांचा, मते मुख्यतः एकाच पंथाची. तरी त्या बारा जागा मला क्षुल्लक वाटत नाहीत. शिया-सुन्नींमधल्या यादवीसारख्या रक्तपाताला तीन-चार वर्षेही झाली नव्हती. त्यातच निवडणुकीच्या तोंडावर, सद्दाम यांच्या बाथ पक्षाशी संबंध असल्याच्या आरोपावरून पाचशेच्या आसपास उमेदवारांना अपात्र ठरवले गेले. त्यात खुद्द मुतलक होते.

या पहिल्या क्रमांकाचे बक्षीस काय होते? वर पाहिले तसे ९१ आणि ८९ यांची गणिती ताकद तंतोतंत सारखी. दोन जादा जागांना अर्थ होता तो फक्त राज्यघटनेच्या ७६ व्या कलमामुळे: संसदेतल्या ‘सर्वाधिक संख्येच्या गटा’च्या उमेदवाराला सरकार बनवायला बोलवावे, आणि त्याने तीस दिवसांत मंत्रिमंडळ उभे करावे. पहिली खेळी ज्याच्या हाती, तो सौदा ठरवतो.

पण ‘सर्वाधिक संख्येचा गट’ म्हणजे कोणता? निवडणूक लढवलेला, की निकालानंतर जुळलेला? निकाल जाहीर होण्याच्या आदल्या दिवशी, २५ मार्चला, सर्वोच्च संघीय न्यायालयाने मत दिले: दोन्ही चालतील. मलिकी आणि राष्ट्रीय आघाडी यांनी ८९ आणि ७० ची मोट बांधली, १५९. एका फटक्यात ९१ दुसऱ्या क्रमांकावर.

आपल्याकडे सरकारिया आयोगाने १९८८ च्या अहवालात राज्यपालांसाठी उलटा क्रम सुचवला होता: आधी निवडणूकपूर्व आघाडी, निकालानंतर जुळलेल्या आघाड्या मागाहून. नोव्हेंबर २०१९ मध्ये मुंबईच्या राजभवनाकडे डोळे लावून बसलेल्यांना हे ठाऊक आहे की निवडणूकपूर्व युती निकालानंतर टिकेल याची हमी हा क्रमही देत नाही. तरी निवडणुकीआधी एकत्र येण्याला त्याने काही मोल तरी राहते. बगदादच्या न्यायालयाने ते काढून घेतले. आधी एकत्र येण्याचा सगळा खर्च, म्हणजे जागावाटप, नाराज कार्यकर्ते, ‘त्यांच्याशी हात मिळवलात?’ हा घरचा टोमणा, पदरात घ्यायचा. आणि बक्षीस नंतर जुळणाऱ्यालाही तेवढेच. मग आधी कोण जुळेल?

इराकमधली तडजोड २०१० च्या नोव्हेंबरात अर्बिल या कुर्दबहुल शहरात झाली, मंत्रिमंडळ २१ डिसेंबरला. मलिकी पंतप्रधान राहिले, नुजैफी सभापती झाले. अल्लावींसाठी धोरणविषयक राष्ट्रीय परिषद नावाची नवी संस्था ठरली, तिच्या हाती खरे अधिकार असतील असा शब्द देऊन. ती परिषद अस्तित्वात आलीच नाही. सत्ता हाती आलेल्याला जुना शब्द पाळायला लावणारे कुणी नसेल तर शब्दाची किंमत सही होईपर्यंतच असते. आघाड्यांच्या अभ्यासात हा पेच पुन्हा पुन्हा भेटतो. डिसेंबर २०११ मध्ये, शेवटची अमेरिकी तुकडी बाहेर पडताच, उपराष्ट्राध्यक्ष हाशिमींवर अटक वॉरंट निघाले. २०१४ ची निवडणूक अल-इराकियाचे घटक वेगवेगळे लढले.

नियम बदलला की गणितही बदलते, याचा आणखी एक दाखला याच देशातला. ऑक्टोबर २०२१ मध्ये सद्र यांना ३२९ पैकी ७३ जागा मिळाल्या. त्यांनी मुख्य सुन्नी गट आणि मसूद बारझानींचा कुर्द पक्ष यांच्याशी हात मिळवला. पंथ ओलांडणारी, साध्या बहुमताला पुरून उरणारी आघाडी. पण राष्ट्राध्यक्ष निवडायला दोन तृतीयांश सदस्य सभागृहात हजर हवेत, असे न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये सांगितले, आणि राष्ट्राध्यक्ष नाही तर पंतप्रधान नेमणार कोण? बहुमताचा १६५ चा उंबरा प्रत्यक्षात २२० वर गेला. विरोधकांना आता जिंकायची गरजच उरली नाही. एक तृतीयांशाहून थोडे जास्त सदस्य घरी बसवले की पुरे. जूनमध्ये सद्र यांच्या सगळ्या ७३ खासदारांनी राजीनामे दिले. नियमाप्रमाणे त्यांच्या जागी मतदारसंघात पुढचा क्रमांक मिळवलेले उमेदवार आले, आणि त्यांतले बरेचसे सद्र यांच्या शिया प्रतिस्पर्ध्यांचे निघाले. ऑक्टोबरात सरकार बनले ते त्या प्रतिस्पर्ध्यांचे, आणि सद्र यांचे सुन्नी व कुर्द भागीदार त्यात सामील झाले.