चाचणीच्या आधीच पोहोचलेली गोळी

रक्त काढून झालं, सुईला टोपण लावायला गेलं आणि टोक बोटात शिरलं. हातमोज्याच्या आत रक्ताचा एवढासा ठिपका. १९८०च्या दशकाच्या अखेरीस अशा परिचारिकेला एकच धास्ती असे: रुग्णाला एचआयव्ही असेल तर? झिडोव्हुडिन, म्हणजेच एझेडटी, अमेरिकेत १९८७ मध्ये मंजूर झालं होतं, पण आधीच आजारी असलेल्यांसाठी. सुई टोचल्यावर लगेच घेतलं तर संसर्ग टळेल का, हे तपासायला उत्पादक कंपनी बरोज वेलकमने चाचणी काढली. निम्म्यांना औषध, निम्म्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी, म्हणजे प्लासिबो. जेमतेम ८४ जण तयार झाले आणि चाचणी गुंडाळावी लागली.

नकार समजण्यासारखा होता. नुकतीच सुई टोचलेल्या माणसाला ‘तुमच्या वाट्याला कदाचित नुसती साखर येईल’ असं कसं सांगणार? आणि गणितही आड येत होतं. बाधित रक्ताची सुई टोचल्यावर एचआयव्ही होण्याची शक्यता सुमारे ०.३ टक्के, म्हणजे हजारात तिघं. औषधाने फरक पडतो हे दाखवायला हजारो माणसं हवीत. हिपॅटायटिस बीचा धोका याच्या कितीतरी पट, पण त्यावर १९८१ पासून लस होती.

मग संशोधकांनी उलट वाट धरली. सुई टोचून एचआयव्ही झालेले ३३ कर्मचारी आणि तशाच अपघातातून वाचलेले ६६५, यांच्या नोंदी ताडून पाहिल्या. एझेडटी घेतलेल्यांमध्ये संसर्गाची शक्यता सुमारे ८१ टक्क्यांनी कमी दिसली. हे १९९७ मध्ये छापून आलं. त्यानंतर प्लासिबो देऊन खातरजमा करणं नैतिकदृष्ट्या अशक्यच झालं. चार आठवड्यांच्या गोळ्यांचा शिरस्ता या ३३ जणांच्या आधारावर बराचसा उभा आहे, हे माझ्या मते पुरेसं बोललं जात नाही.

२०२० मध्ये गाडी उलटी धावली. कोविडच्या वॉर्डात काम करणाऱ्यांना हायड्रॉक्सिक्लोरोक्विन हे मलेरियावरचं औषध घेण्याचा सल्ला आयसीएमआरने, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, २२ मार्चलाच दिला: पहिल्या दिवशी ४०० मिलिग्रॅम दोनदा, मग आठवड्यातून एकदा. चाचण्या मागून आल्या. पेनसिल्व्हेनियातली एक १३२ जणांवरच थांबली. संसर्ग दोन्ही गटांत जवळपास सारखाच. मिनेसोटाच्या संशोधकांनी १,४८३ कर्मचारी घेतले; फरक दिसला, पण योगायोग म्हणता येईल इतकाच.

सर्वांत मोठी चाचणी कॉपकोव्ह नावाची. बेत ४०,००० जणांचा, पण सुरुवातीलाच ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातल्या एका निबंधाने औषध घातक असल्याचा गवगवा केला. ४ जूनला तो मागे घेतला गेला, तरी ब्रिटनमधली भरती काही आठवडे अडली. ११ देशांतून अखेर ४,६५२ जण मिळाले. लक्षणांसह कोविड झाला औषधाच्या गटात २४० जणांना, प्लासिबोच्या गटात २८४ जणांना. म्हणजे किंचित फायदा असावा, तोही सांख्यिकीच्या अगदी उंबरठ्यावर. हे छापून आलं २०२४ मध्ये. तोवर वॉर्डात लस येऊन तीन वर्षं उलटली होती.