तेलवाहिन्या, वाहनांच्या एंजिनांतील

वाहनाच्या अंतर्ज्वलन एंजिनात वंगण तेल पंपापासून धारव्यांपर्यंत, म्हणजे बेअरिंगांपर्यंत, आणि तेथून परत तळाच्या संपमध्ये, म्हणजे तेलाच्या पात्रात, नेणाऱ्या मार्गांना तेलवाहिन्या म्हणतात. यांतील बहुतेक मार्ग म्हणजे सिलिंडर ठोकळ्यात, सिलिंडर माथ्यात व पिस्टनांमुळे फिरणाऱ्या क्रँकशाफ्टमध्ये पाडलेली छिद्रे असून बाहेरच्या नळ्या मुख्यतः तेलशीतक व टर्बोचार्जर (एंजिनात हवा दाबून भरणारे यंत्र) यांच्यासाठीच लागतात.

पंप संपमधील तेल जाळीतून ओढून गाळणीमार्फत मुख्य वाहिनीत ढकलतो. जादा दाब दाबमोचक झडप सोडून देते. मुख्य वाहिनीच्या शाखा क्रँकशाफ्टच्या मुख्य धारव्यांना तेल देतात आणि तेथून शाफ्टमधील तिरप्या छिद्रांतून ते पिस्टनांना क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या जोडदांड्यांच्या शाफ्टकडील मोठ्या टोकांना मिळते. झडपा उघडणाऱ्या कॅमशाफ्टकडे चढलेले तेल स्वतःच्या वजनाने संपमध्ये उतरते.

धारव्यावरील भार पंपाचा दाब पेलतो, हा समज बरोबर नाही. चालत्या एंजिनात हा दाब सामान्यतः २ ते ५ बार असतो, तर ज्वलनाच्या वेळी मोठ्या टोकाच्या तेलपटलातील, म्हणजे तेलाच्या पातळ थरातील, दाब शेकडो बारपर्यंत चढतो. किंचित विकेंद्री फिरणारा शाफ्ट तेल निमुळत्या फटीत ओढतो व हा दाब तेथेच निर्माण होतो; वाहिनीने फक्त कडेने निसटणाऱ्या तेलाची भरपाई करायची व उष्णता वाहून न्यायची असते. इंग्लिश अभियंते बीचम टॉवर यांनी १८८३ च्या सुमारास रेल्वेच्या आसाच्या धारव्याला माथ्यावर, म्हणजे तेथे भार येतो त्याच भागात, छिद्र पाडले, तेव्हा तेल वर उसळले आणि छिद्रात ठोकलेले लाकडी बूचही बाहेर ढकलले गेले. भारित भागात पाडलेले छिद्र तेलपटल मोडते, हे यावरून दिसते. म्हणूनच अनेक एंजिनांत मुख्य धारव्याचे छिद्र व खाच वरच्या अर्ध्या कवचात ठेवून अधिक भार घेणारे खालचे कवच खाचेविना ठेवतात. तेलपटलाच्या या सिद्धांताचे श्रेय कोणी निकोलाय पेत्रोव्ह (१८८३) यांना, तर कोणी ऑस्बर्न रेनल्ड्स (१८८६) यांना देतात. पेत्रोव्ह यांनी शाफ्ट समकेंद्री मानून घर्षण काढले. भार कसा पेलला जातो याचा उलगडा रेनल्ड्स यांच्या समीकरणाने झाला, त्यामुळे दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

दाबाने तेल पुरविण्याच्या पद्धतीचा आरंभही वादाचा आहे. मोटारींच्या संदर्भात इंग्लिश मोटार अभियंते फ्रेडरिक लँचेस्टर यांचे नाव बहुधा घेतले जाते, परंतु ए. सी. पेन यांचे वाफेच्या एंजिनासाठीचे पेटंट १८९० चे, म्हणजे आधीचे, असल्याने मूळ कल्पनेचे श्रेय पेन यांच्याकडे जाते.

दाबमापक बहुधा मुख्य वाहिनीला जोडलेला असतो आणि तो प्रवाहाला होणारा विरोध दाखवितो, प्रवाह नव्हे. धारवे झिजून फट वाढली की दाब उतरतो. मात्र एखादी शाखा गाळाने बुजली, तर तेथील धारवा कोरडा पडत असतानाही काटा जागचा हलत नाही.

टर्बोचार्जरची पुरवठा वाहिनी बारीक, तर परतीची बरीच रुंद असते, कारण बाहेर पडणारे तेल फेसाळ असते व केवळ उताराने वाहते. तापलेले एंजिन एकदम बंद केल्यास पुरवठा वाहिनीत थबकलेले तेल करपून तिचा मार्ग आवळते. परतीच्या वाहिनीला खोलगट वळण असले किंवा तिचे तोंड संपमधील तेलात बुडालेले असले, तर तेल तुंबते, शाफ्टवरील तेल अडविणाऱ्या कड्यांजवळून झिरपते आणि निष्कासातून निळसर धूर येऊ लागतो. हा दोष कड्या बदलून जात नाही. वाहिनीचा उतार आणि तिचे संपमधील तोंड आधी तपासावे लागते.