वार पडली का?

म्हैस व्यायली की गोठ्यात दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला, पारडी झाली की रेडा? आणि थोड्या वेळाने, जरा काळजीच्या सुरात, "वार पडली का?" वार म्हणजे प्लॅसेंटा, गर्भाशयात बाळाला नाळेवाटे पोसणारा अवयव. बाळंतिणीच्या खोलीतही वार पडेपर्यंत सुईण जागची हलत नसे. आजही प्रसूतिगृहात डॉक्टर ती ट्रेमध्ये पसरून, उलटसुलट करून बघतात. एखादा तुकडा गर्भाशयात राहून गेला, तर बाळंतिणीला जिवावर बेतणारा रक्तस्राव होऊ शकतो.

त्या ट्रेकडे घरातलं कुणी बघत नाही. बाळाचं वजन, फोटो, पेढे यांत सगळे गुंतलेले असतात. माझ्या मते, ज्यांची इच्छा असेल त्या आईवडिलांना वार जरूर दाखवावी. भाकरीसारखी गोल, २० ते २२ सेंटिमीटर रुंद, वजनाला अर्ध्या किलोच्या आसपास. आईकडची बाजू गडद लाल आणि खडबडीत. बाळाकडची गुळगुळीत, चकचकीत. नाळ जिथे चिकटते तिथून रक्तवाहिन्या झाडाच्या मुळांसारख्या चहूकडे पसरलेल्या.

वार हा आईचा अवयव, असं आपण धरून चालतो. पण तिचा बहुतेक भाग घडवलेला असतो बाळानेच. गर्भधारणेनंतर सहा-सात दिवसांनी शंभर-दोनशे पेशींचा एक गोळा गर्भाशयाच्या अस्तराला टेकतो. त्याच्या आतल्या मोजक्या पेशींचं पुढे बाळ होतं आणि बाहेरच्या थराची वार. म्हणजे हृदय, मेंदू, हातपाय यांचा अजून पत्ताही नसतो, तेव्हा वारेचं काम सुरू झालेलं असतं. घरी चाचणी केल्यावर दुसरी रेघ उमटते ती याच थराने सोडलेल्या एचसीजी या संप्रेरकामुळे. हेच संप्रेरक आईच्या अंडाशयाला प्रोजेस्टेरॉन बनवत राहायला लावतं, म्हणून पाळी येत नाही आणि गर्भ टिकतो. आठव्या-दहाव्या आठवड्याच्या सुमारास प्रोजेस्टेरॉनचं काम वार स्वतःकडेच घेते.

आईचं रक्त बाळाच्या अंगात खेळतं, असं आपण म्हणतो. प्रत्यक्षात ही दोन रक्तं एकमेकांत मिसळत नाहीत. वारेला बारीक, फाटे फुटलेले असंख्य गोंडे असतात. ते आईच्या रक्तात बुडालेले आणि त्यांच्या आतून बाळाचं रक्त वाहत असतं. मधल्या पातळ पडद्यातून प्राणवायू, साखर, लोह बाळाकडे जातं आणि कार्बन डायऑक्साइड, युरिया आईकडे येतं. दिवस भरेपर्यंत या गोंड्यांचा पृष्ठभाग, सगळा उलगडला तर, दहा बाय बाराच्या खोलीएवढा होतो. शिवाय बाळाचं हिमोग्लोबिन वेगळ्या घडणीचं असतं. ते प्राणवायू जास्त घट्ट धरतं, त्यामुळे आईच्या रक्तातून तो ओढून घेता येतो.

या पडद्याची एक गोष्ट मला फार विलक्षण वाटते. त्याच्या बाहेरच्या पेशी एकमेकींत विरघळून एकसंध होतात, मध्ये फटच राहत नाही. त्यासाठी सिन्सिटिन नावाचं प्रथिन लागतं. त्याचं जनुक मुळात एका विषाणूचं आहे, हे २००० साली उजेडात आलं. कोट्यवधी वर्षांपूर्वी आपल्या पूर्वजांच्या पेशींत शिरलेला तो विषाणू तिथेच मुरला. त्याची पेशींना चिकटण्याची हातोटी आज प्रत्येक गर्भाच्या कामी येते.

वार म्हणजे अभेद्य भिंत, असा पूर्वी बऱ्याच डॉक्टरांचा समज होता. थॅलिडोमाइडने तो मोडला. १९५७ साली पश्चिम जर्मनीत बाजारात आलेलं हे औषध गरोदर बायकांना मळमळीवर, झोपेसाठी दिलं जाई. १९६१ मध्ये ते मागे घेतलं जाईपर्यंत अनेक देशांत हजारो मुलं अपुऱ्या हातापायांची जन्मली होती. दारू, तंबाखूतलं निकोटिन, रुबेलाचा विषाणू हेही वार ओलांडतात. म्हणून गरोदरपणात साध्या डोकेदुखीची गोळीसुद्धा विचारूनच घ्यावी.

याच वाटेने आईची प्रतिपिंडं, म्हणजे रोगांशी लढणारी प्रथिनं, बाळाकडे जातात, सर्वांत जास्त शेवटच्या काही आठवड्यांत. गरोदरपणात दंडावर घेतलेलं धनुर्वाताचं इंजेक्शन बाळालाही वाचवतं ते यामुळेच. अस्वच्छ विळ्याने, ब्लेडने नाळ कापल्यामुळे एके काळी कितीतरी तान्ही बाळं धनुर्वाताने दगावत. २०१५ साली भारतात माता आणि नवजातांच्या धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. त्यात या इंजेक्शनचा आणि स्वच्छ बाळंतपणांचा मोठा वाटा आहे.

बाळ बाहेर येऊन रडतं तेव्हाही वारेचं काम संपलेलं नसतं. त्या क्षणी नाळ बोटांत धरली तर ठोके लागतात. ते बाळाच्या हृदयाचे. वारेत राहिलेलं त्याचं रक्त अजून त्याच्याकडे येत असतं. तीन किलोच्या बाळाच्या अंगात उणंपुरं पाव लिटर रक्त, आणि या एक-दोन मिनिटांत त्याला ८० ते १०० मिलिलिटर मिळू शकतं. लोहाची ही शिदोरी पुढे काही महिने पुरते. बाळाला तातडीच्या उपचारांची गरज नसेल, तर निदान एक मिनिट नाळ कापू नये, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते ते याचसाठी.

हळूहळू ठोके मंदावतात. नाळ पांढुरकी, लिबलिबीत होते. मग चिमटे लावून ती कापतात आणि बाळाला आईच्या छातीशी देतात. पुढच्या अर्ध्या तासात आईला पोटात पुन्हा एक बारीकशी कळ येते, आणि वार पडते.