हॉर्न ऑफ आफ्रिकामधले दुष्काळ आणि पूर

हॉर्न ऑफ आफ्रिका म्हणजे सोमालिया, इथिओपिया, जिबूती, इरिट्रिया, आणि दुष्काळाचा विषय निघाला की लोक उत्तर केनियाही त्यातच धरतात. इथल्या बऱ्याच सखल, कोरड्या भागात पाऊस वर्षातून दोनदा येतो, मार्च ते मे मोठा आणि ऑक्टोबर ते डिसेंबर छोटा, सोमाली लोक त्यांना गू आणि देयर म्हणतात. शेती जवळजवळ सगळी कोरडवाहू, बाकीचे लोक उंट, शेळ्या, गुरं घेऊन चाऱ्यामागे फिरणारे. एक हंगाम कोरडा गेला तर कसंबसं निभावतं, लागोपाठ दोन गेले की लोक जनावरं विकायला काढतात, पण तेव्हा सगळेच विकायला आलेले असतात म्हणून भाव पडतो आणि धान्य मात्र महाग झालेलं असतं.

2020 च्या शेवटापासून 2022 संपेपर्यंत असे पाच हंगाम फेल गेले, 90 लाखांहून जास्त जनावरं मेली. कारण मुख्यतः सलग तीन वर्षं टिकलेली ला निना, म्हणजे प्रशांत महासागराचं मधलं पाणी नेहमीपेक्षा गार राहणं. आपल्याकडे ला निना म्हटलं की शेतकरी खूश होतो, त्या वर्षांत भारतात पाऊस चांगलाच झाला, तिकडे मात्र तिनेच छोटा पाऊस मारला. दुसरा खेळ हिंदी महासागराचा, आफ्रिकेकडचं पाणी जास्त तापलं की तिकडे धो धो पाऊस, इंडोनेशियाकडचं तापलं की कोरड. 2019 मध्ये आफ्रिकेची बाजू खूप तापली, पूर्व आफ्रिकेत पूर आले, ओल्या वाळूत टोळांची पैदास वाढली, आणि त्याच उद्रेकातल्या टोळधाडी मे 2020 मध्ये राजस्थान, मध्य प्रदेशमार्गे विदर्भात अमरावती-नागपूरकडे उतरल्या.

दुष्काळ आणि पूर या दोन वेगळ्या आपत्ती म्हणून लिहायची पद्धत आहे, ती मला चुकीची वाटते. सोमालियातलं बेलेदवेयन गाव बघा, शबेले नदीकाठी. नदी उगम पावते इथिओपियाच्या डोंगरात, त्यामुळे गावात फार पाऊस नसतानाही वरून लोंढा येतो. पाच कोरड्या हंगामांनंतर मे 2023 मध्ये गाव बुडालं, लोक परतून सावरतात तोच नोव्हेंबरमध्ये एल निनोच्या (ला निनाच्या उलट, तेच पाणी तापणं) पावसात परत बुडालं, त्या वेळी सोमालियात 10 लाखांहून जास्त लोक घर सोडून निघाले. जमीन भाजून कडक झालेली, गवत संपलेलं, मग पाणी मुरणार कुठे, सगळं वाहून जातं, आणि उपासाने हाडं निघालेल्या शेळ्या त्या गार पावसात मरतात. विहिरीत पुराची घाण गेली की मागोमाग कॉलरा.

इशारे मिळत नाहीत असंही नाही. 2010 लाच धोका सांगितला गेला होता, तरी उपासमारीच्या दुष्काळाची अधिकृत घोषणा जुलै 2011 मध्ये झाली, आणि सोमालियात साधारण 2 लाख 60 हजार माणसं गेली, त्यातली निम्मी पाच वर्षांखालची मुलं. युद्धामुळे मदत अडली हे खरंच, पण पैसा उशिरा आला हेही तितकंच खरं.

पाणी अडवायचे उपाय लोकांकडे आहेत. सोमालियात बरकद, म्हणजे जमिनीत खोदून बांधलेली टाकी, दुष्काळात टँकरने आणलेलं पाणीही तिच्यातच ओततात. केनियात माचाकोस, कितुई, माकुएनी भागात वाळूचे बंधारे आहेत, कोरड्या नदीच्या पात्रात आडवी भिंत घालतात, पुराबरोबर आलेली वाळू तिच्यामागे साचते आणि वाळूच्या पोटात पाणी राहतं, उन्हाने फारसं उडत नाही. मग बायका आपल्याकडे झिरा खणतात तशीच वाळू उकरतात, आणि तळाशी हळूहळू पाणी जमायला लागतं.