पॅटर्न आणि फेअर: आयर्लंडमधल्या दोन गर्द्यांतला फरक

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील आयर्लंडची वर्णने वाचताना ‘पॅटर्न’ आणि ‘फेअर’ यांची हमखास गल्लत होते, कारण दिवस कलला की दोन्हीकडे तंबू, व्हिस्की, नाचगाणे आणि काठ्यांची हाणामारी हेच दिसे. दोन्ही गर्द्या जमत मात्र अगदी वेगळ्या कारणांनी.

पॅटर्न म्हणजे ‘पेट्रन’चा, अर्थात गावाच्या रक्षक संताचा दिवस. लोक पवित्र विहिरीला उजवी घालून प्रदक्षिणा करत, मोजणी चुकू नये म्हणून दर फेरीला एक खडा टाकत आणि जवळच्या झाडाला चिंधी बांधत. ग्लेन्डलॉखला ३ जून रोजी संत केविनचा पॅटर्न भरे. विहिरींवरच्या या जमावांना १७०४ च्या कायद्याने दंगलच ठरवले होते आणि दहा शिलिंग दंड, तो न भरल्यास फटके, अशी शिक्षा ठेवली होती; तरीही पिढ्यान्‌पिढ्या लोक येत राहिले, ही निष्ठा मला फार मोलाची वाटते.

फेअर हा गुराढोरांचा बाजार. तो राजाच्या सनदेने भरे आणि सनद ज्याची, जकात त्याची. डब्लिनजवळच्या डॉनीब्रुकला अशी सनद १२०४ मध्ये मिळाली होती.

गटांची मारामारी मात्र या दोन्हींपैकी कशाचाच भाग नव्हती. तिला फक्त गर्दी हवी असे. एखादा गडी अंगातला कोट काढून मातीतून फरफटवत नेई, आणि त्यावर पाय देणारा भेटला की काठ्या उठत. ‘तीन वर्षांवाले’ आणि ‘चार वर्षांवाले’ या गटांचे वैर एका बैलाच्या वयावरून पेटल्याचे सांगतात. २४ जून १८३४ रोजी केरी परगण्यातील बॅलीबनियनजवळच्या पुळणीवर कूलीन आणि मल्विहिल हे गट भिडले, तेव्हा निमित्त घोड्यांच्या शर्यतीचे होते. पळताना बुडालेले धरून सुमारे वीस माणसे गेली.

पॅटर्न आणि फेअर जमण्याची कारणे वेगळी असल्यामुळेच ते बंद पाडण्याचे मार्गही निराळे झाले. डॉनीब्रुकची सनद १८५५ मध्ये तीन हजार पौंडांना विकत घेऊन तो बाजार मोडला गेला. विहिरीची सनद कोणाकडेच नसल्याने तिथे धर्मपीठाला मनाई करावी लागली. ग्लेन्डलॉखचा पॅटर्न डब्लिनचे कॅथलिक आर्चबिशप (पुढे कार्डिनल) कलन यांनी १८६२ मध्ये थांबवला. वॉटरफर्ड परगण्यातील आर्डमोरला संत डेक्लनच्या विहिरीवर मात्र जुलैच्या अखेरीस आजही लोक फेऱ्या घालतात.