गंभीरा पूल: मंजुरी नव्याची, रहदारी जुन्यावर

9 जुलै 2025 च्या सकाळी गुजरातेत, वडोदरा जिल्ह्यातल्या पादऱ्याजवळ मही नदीवरचा पूल पडला. पूल सुरू होतो मुजपूरहून, नाव मात्र पलीकडच्या काठावरच्या गंभीरा गावाचं. 20 हून अधिक माणसं गेली. कडेला लटकलेला टँकर तर जवळजवळ चार आठवडे तसाच होता.

पूल 1985 मध्ये रहदारीसाठी खुला झाला. पुलासाठी चाळीस वर्षं हे काही म्हातारपण नव्हे. भरुचचा लोखंडी गोल्डन ब्रिज 1881 चा. 2021 मध्ये शेजारी नवा पूल झाला, तेव्हाच जुन्यावरची वाहनं थांबली. मग इथे झालं काय? चौकशीत कारण आलं ते पेडेस्टल, म्हणजे गाळा टेकतो तो ठोकळा, आणि आर्टिक्युलेशन, म्हणजे दोन भागांचा सांधा, चिरडल्याचं. बातम्यांत याचं कुठे ‘स्लॅब’ झालं, कुठे ‘गर्डर’, आणि मुद्दा निसटला. सुतार दोन लाकडं अर्धी अर्धी तासून एकावर एक बसवतो, तशी या सांध्याची बैठक असते. खांबावरून पुढे आलेल्या भागाच्या टोकावर मधला गाळा नुसता टेकलेला असतो. फटीतून पावसाचं पाणी थेट त्या बैठकीवर उतरतं, आतली सळई गंजते, आणि वरून पाहणाऱ्याला काहीच दिसत नाही. त्या काळच्या कितीतरी पुलांना अशी बैठक आहे, म्हणून आर्टिक्युलेशन हा शब्द नीट कळायला हवा. खड्डे बुजवून वर डांबराचा थर दिला की रस्ता गुळगुळीत होतो. बैठक होती तशीच राहते, उलट थराचं वजन तिच्यावरच येतं.

पूल हादरतो, अशी लेखी तक्रार 2022 मध्ये पंचायतीच्या एका सदस्याने केली होती. त्याच वर्षी ऑक्टोबरात मोरबीचा झुलता पूल तुटून 135 जण गेले आणि राज्यभरातल्या पुलांच्या तपासणीचा विषय न्यायालयात गेला. गंभीरावर पाहणी झाली, डागडुजीही झाली. पडण्याच्या काही महिने आधी शेजारी 212 कोटींचा नवा पूल मंजूरही झाला होता. जुना बदलायला हवा हे कागदावर मान्य होतं, तरी त्यावरून भरलेले ट्रक जातच राहिले. वाद आहे तो इथे. पूल सांभाळणाऱ्या सरकारी बांधकाम खात्याचं म्हणणं, पाहणीत मोठा दोष आढळला नव्हता. पण नवा पूल मंजूर झाला त्याच दिवशी जुन्यावर जड वाहनांना बंदी घालायला हवी होती. वासदच्या पुलावरून जायचा वळसा तेव्हाही होताच. लांबचा आहे, डिझेल जास्त जातं, कारखान्यांची ओरड झाली असती. ती सोसायला हवी होती.

दुर्घटनेनंतर चार अभियंते निलंबित झाले आणि राज्यातले अनेक पूल जड वाहनांना बंद झाले. पादऱ्याहून बोरसदला निघालेल्यांच्या वाट्याला उमेटा किंवा वासदचा तोच वळसा आला.